कृषी सेवा केंद्रात संगणक आणायचा, पण आधी कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. वर्षाची उलाढाल नव्वद लाखांच्या आसपास, काउंटरवर दोन माणसं, साडेतीनशेच्या वर उधारीची खाती आणि सगळा हिशेब लाल वहीत. हाताशी साठ हजार रुपये आहेत. टॅली (हिशेबाचं प्रचलित सॉफ्टवेअर) घ्यावी, मोबाइलवरचं ॲप वापरावं की कृषी केंद्रांसाठी बनवलेलं खास सॉफ्टवेअर, हे तुम्हाला ठरवायचंय. वेबसाइट आणि एआयचंही विचारलंय. आणि वडील म्हणतात, "वहीत काय वाईट आहे?"

वडिलांचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. तालुक्याच्या बाजारपेठांतल्या दुकानांना संगणक आणि हिशेब बसवून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यात कृषी केंद्रं पुष्कळ. या धंद्यात पैसा दोन जागी अडकतो. एक शेतकऱ्याकडच्या उधारीत आणि दुसरा रॅकवर मुदत संपत आलेल्या मालात. बिल छापायला लागणारा वेळ हा त्रास खराच, पण त्यापायी कुणाचं दुकान बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही. सॉफ्टवेअर विकायला येणारा मात्र आधी बिलच छापून दाखवतो, कारण डेमोत तेच उठून दिसतं. तुम्ही त्याला उलट क्रमाने विचारा: उधारी कशी दिसते, मुदत कशी दिसते आणि शेवटी बिल.

वहीत वाईट काही नाही. वडिलांच्या डोक्यात कोण कुणाचा भाऊ, कुणाचा ऊस कधी तुटतो, कुणाला यंदा द्यायचं नाही, हे सगळं आहे आणि वही म्हणजे त्याची फक्त खूण. अडचण अशी, की ते डोकं दुकानात नसलं की वहीतून फारसं काही कळत नाही. साडेतीनशे खात्यांची येणे बाकी आज किती, त्यातली एका वर्षापलीकडची किती, हे वहीतून काढायला दोन संध्याकाळी जातात, म्हणून ते कुणी काढतच नाही. संगणकाकडून पहिलं काम हेच करून घ्यायचंय.

म्हणून पहिली पायरी सॉफ्टवेअर नव्हे, खात्यांची यादी. वही उघडून वडिलांच्या शेजारी बसा आणि एकेक खातं एक्सेलमध्ये उतरवा. रकाने एवढेच: नाव, गाव, वस्ती किंवा मळा, ओळखीची खूण, मोबाइल, मुख्य पीक, बाकी. हे काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. वहीत नुसतं "पाटील, वरची आळी" लिहिलेलं असतं आणि वरच्या आळीत पाटलांची सहा घरं असतात. "बापू शिंदे" दोघे असतात, एक विहिरीवाले आणि एक शाळेमागचे. कुठे खातं वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं, माल मुलगा नेतो आणि पैसे सून आणून देते. ही खूण आत्ता लिहून घेतली नाही, तर जूनच्या गर्दीत काउंटरवरचा मुलगा एकाचा माल दुसऱ्याच्या नावे टाकतो आणि दिवाळीत दुकानात भांडण होतं. मोबाइल नंबर हीच खात्याची खरी ओळख धरा. नाव सारखं असू शकतं, नंबर नसतो. ज्याचा नंबर नाही, त्याचा पुढच्या खेपेला माल देतानाच मागून घ्या.

ही यादी मराठीत करा, आणि युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत करा. हे ठासून सांगतोय, कारण गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घ्याल तर तो श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये करून देईल. छापलेल्या कागदावर ते सुरेख दिसतं, पण सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की अक्षरांची जत्रा होते, आणि "शिंदे" शोधलं तर काही सापडत नाही. काही जुन्या स्थानिक सॉफ्टवेअरमध्ये अजून असे फॉन्ट आहेत. डेमोच्या वेळी मोबाइलवरून व्हॉट्सॲपवर टाइप केलेलं एक मराठी नाव कॉपी करून त्यांच्या खात्यांच्या शोधात चिकटवायला सांगा. सापडलं तर पुढे बोला.

यादी झाली की बाकी कबूल करून घ्या. ३१ मार्चची बाकी प्रत्येकाला दाखवायची आणि कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा. हे निव्वळ हिशेबाच्या शिस्तीसाठी नाही. साधारणपणे उधारीच्या वसुलीसाठी कोर्टात जायची मुदत तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने लेखी सही करून बाकी मान्य केली, की मुदत तिथून नव्याने मोजली जाते. तुम्ही कोर्टात जाणार नाही, हे मलाही माहीत आहे. या धंद्यात फारसं कुणी जात नाही. पण सहीचा कागद असला की बोलणं वेगळं होतं. संगणकातून काढलेल्या नुसत्या कागदाला ते वजन येत नाही. म्हणून संगणक आला तरी उधारीच्या बिलाच्या दुकानप्रतीवर सही घेणं सोडू नका.

आता मुदतीचा माल. बियाण्याच्या पिशवीवरची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची असते, म्हणजे हंगाम हुकला की ते बियाणं तुमच्या गळ्यात. वितरक परत घेतो, पण त्याची तारीख ठरलेली असते आणि ती टळली की तो फोन उचलत नाही. कीटकनाशकांची मुदत लांब असते, पण तिथे दुसरं दुखणं आहे. खताबरोबर लिंकिंगमध्ये, म्हणजे 'खत हवं तर हेही घ्या' म्हणून, माथी मारलेल्या बाटल्या मागच्या रांगेत जातात आणि दोन वर्षांनी सापडतात. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये बॅच किंवा लॉट नंबर (एकाच वेळी तयार झालेल्या मालाचा क्रमांक) आणि मुदत ही प्रत्येक खरेदीच्या ओळीला जोडलेली हवी, मालाच्या नावाला नव्हे. एकाच औषधाच्या तीन बॅचा असल्या, तर बिल करताना आधी संपणारी वर यायला हवी. आणि "पुढच्या ९० दिवसांत काय संपतंय" ही यादी एका बटणावर निघायला हवी. एवढं एक वापरलंत तरी परत न जाता पडून राहणाऱ्या मालात सॉफ्टवेअरची किंमत निघते. किराणा-कापडासाठी बनवलेल्या स्वस्त ॲपमध्ये बॅच असली, तरी ती बिलावर छापून येतेच असं नाही. तुम्हाला ती बिलावर लागणारच आहे. बियाणं उगवलं नाही आणि शेतकरी तालुका तक्रार निवारण समितीकडे गेला, की पहिला कागद मागतात तो लॉट नंबर असलेलं पक्कं बिल. ते त्याचंही संरक्षण आणि तुमचंही.

इथेच प्रिंटरचा मुद्दा येतो आणि तो लोक सगळ्यात हलक्यात घेतात. दोन इंची थर्मल प्रिंटर छोटा, स्वस्त, शाई लागत नाही, म्हणून सगळे तोच घेतात. चहाच्या दुकानाला तो उत्तम. पण थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने, घामाने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत उडतात. जूनमधलं बियाण्याचं बिल शेतकऱ्याला कापणीपर्यंत जपायचंय आणि तो ते खिशात ठेवतो. साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्या, ए-५ आकाराच्या कागदावर दोन प्रती काढा, एक त्याला आणि एक त्याच्या सहीची तुम्हाला. इंकजेट घेऊ नका. उन्हाळ्यात दोन महिने बिलं कमी असतात, त्यात शाई सुकते आणि ऐन पेरणीत पट्टे उमटायला लागतात.

जूनची गर्दी हीच सगळ्या निवडीची कसोटी. पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकानापुढे माणसं उभी असतात. लाइट जाते. नेट रडतं. त्या वेळी जे चालतं ते तुमच्या कामाचं. म्हणून नेट नसलं तरी बिल करणारं आणि नेट आलं की वर प्रत पाठवणारं सॉफ्टवेअर बघा. निव्वळ ब्राउझरमध्ये चालणारं तालुक्याच्या गावी मी बसवत नाही. डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या, बॅटरी त्यातच येते. प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर टाकताना आधी इलेक्ट्रिशियनला विचारा, लेझर गरम होताना जोरात वीज ओढतो. जुना लॅपटॉप स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल, तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते पाहून घ्या. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ज्यावर बँकेचं आणि जीएसटीचं काम करायचं ते यंत्र तसं ठेवू नये. बाजारातल्या ओळखीच्या मुलाकडून फुकटात टाकून घेतलेलं विंडोज किंवा तोडलेली टॅली तर नकोच. साडेतीनशे लोकांच्या उधारीचा हिशेब असल्या पायावर ठेवायचा नसतो.

खताच्या पॉस मशीनचं (अंगठा घेऊन खताची विक्री नोंदवणारं यंत्र) तुम्ही विचारलं नाहीत, पण कृषी केंद्रातली डोकेदुखी तीच आहे. अनुदानाचं खत आधार लावून पॉसवरच विकायचं, ही पद्धत २०१८ पासून देशभर आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकताना कंपनीचं अनुदान त्या अंगठ्यावर अवलंबून असतं. तुमचं सॉफ्टवेअर आणि पॉस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आपोआप जुळत नाहीत. कुणी "आमचं सॉफ्टवेअर पॉसला जोडलेलं आहे" म्हणालं, तर समोर करून दाखवायला सांगा. गर्दीत सर्व्हर अडकला की "गोण्या घेऊन जा, अंगठा उद्या" असं होतं, किंवा एकाच अंगठ्यावर चौघांचा माल जातो. मग गोदामात ४० गोण्या आणि पॉसमध्ये ७०. भरारी पथक आलं, की हा फरक थेट परवान्यावर येतो. यावर तंत्रज्ञानाचं औषध नाही. रोज रात्री शटर ओढायच्या आधी गोदामातल्या गोण्या, पॉसमधला साठा आणि भावफलकावरचा आकडा हे तिन्ही एका कागदावर लिहायचे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि फरक त्याच दिवशी सापडला तर कुणाचा अंगठा राहिला ते आठवतं.

जीएसटीबद्दल फार घोळ घालत बसू नका. तुमच्याकडे बियाणं करमुक्त, खत ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकं १८ टक्के, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, ठिबक, फवारणी पंप हे २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ वर आलेत. मालाची यादी टाकताना प्रत्येकाचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा वर्गीकरण क्रमांक) आणि दर तुमच्या सीएकडून एकदा तपासून घ्या. सॉफ्टवेअरवाल्याने भरून दिलेल्या तयार यादीवर विसंबू नका, तिच्यात जुने दर असतात. करमुक्त बियाण्यामुळे इनपुट क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा) काही भाग परत करावा लागतो, तेव्हा बियाण्याची विक्री वेगळी निघाली पाहिजे. आणि महिन्याला खरेदी जीएसटीआर-२बीशी (वितरकांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या खरेदीच्या यादीशी) ताडून बघता आली पाहिजे, म्हणजे एखाद्या वितरकाने तुमचं बिल चढवलंच नसेल तर ते वेळेत कळेल. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, तुम्हाला नाही. तो भाग जास्त पैसे मोजून घेऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. मोबाइलवरची उधारीची ॲप फुकट किंवा स्वस्त आहेत, एका माणसाच्या दुकानाला पुरतात. बॅच, पॉस, दोन काउंटर आले की अपुरी पडतात. टॅली भक्कम आहे, बॅच आणि मुदत तिच्यातही ठेवता येते, आणि तुमच्या सीएकडे ती असणारच, पण काउंटरवरच्या बारावी झालेल्या मुलाला जूनमध्ये तिच्यात बिल करायला लावणं जड जातं. तुमच्यासाठी माझं मत कृषी केंद्रांसाठी बनवलेल्या स्थानिक सॉफ्टवेअरच्या बाजूने आहे. गावनिहाय उधारी, मराठी बिल, लॉट, रोखीचा आणि उधारीचा वेगळा भाव, साठा रजिस्टर हे त्यांच्यात तयार असतं. (उधारीचा भाव एमआरपीच्या वर जाऊ देणारं सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. ते तुम्हाला अडकवेल.) वर्षाअखेर हिशेब टॅलीत पाठवता आला की सीएही खूश.

या स्थानिक सॉफ्टवेअरचा धोका एकच, पण मोठा आहे. बऱ्याचदा ते दोन-तीन माणसांनी चालवलेलं असतं. एकाने नोकरी धरली की फोन बंद आणि तुमचा डेटा त्या कुलुपात. म्हणून पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी करून घ्या. त्यांच्याच डेमोत खाती, साठा आणि बिलं एक्सेलमध्ये काढून तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी उघडून बघा. दुसऱ्या वर्षाचं शुल्क पावतीवर लिहून घ्या, कारण पहिल्या वर्षाचा दर सगळेच गोड सांगतात. आणि आसपासच्या तालुक्यातल्या, त्यांचं सॉफ्टवेअर निदान दोन खरीप वापरलेल्या दुकानदाराशी तुम्ही स्वतः बोला. त्यांनी दिलेल्या नंबरावर नव्हे, तुम्ही शोधलेल्या.

साठ हजारांतले निम्म्याहून जास्त लॅपटॉपला जातील, त्याखालोखाल प्रिंटर. उरलेल्यातून सॉफ्टवेअर, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि दोन पेनड्राइव्ह. बारकोड स्कॅनर यंदा नको. बाटल्यांवरचा बारकोड कंपनीचा असतो, त्यातून बॅच कळेलच असं नाही, आणि गोणीवर तो फाटलेला असतो.

रोज रात्री बॅकअप पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह घरी. दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला बॅकअप चोरी झाली किंवा आग लागली तर लॅपटॉपबरोबरच जातो. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघायचा. न उघडलेला बॅकअप मी धरतच नाही. काउंटरवरच्या दोघांना वेगवेगळे पासवर्ड द्या. बिल रद्द करणं आणि भाव बदलणं हे अधिकार तुमच्याकडे आणि वडिलांकडेच ठेवा. संशय म्हणून नव्हे. गल्ल्यात फरक पडला, तर निष्पाप माणसावर बोट जाऊ नये म्हणून.

यूपीआयचा क्यूआर दुकानाच्या चालू खात्याचा लावा, तुमच्या बचत खात्याचा नाही. सध्या बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, आवाज देणाऱ्या डब्याचं महिन्याचं भाडं तेवढं जातं आणि ते देण्यासारखं आहे. गर्दीत "गेले बघा" म्हणून दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, डबा बोलला की सोडायचा. पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, हे काउंटरवरच्या दोघांना घोकून सांगा. फसलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि उधारीपोटी आलेला प्रत्येक यूपीआय त्याच संध्याकाळी खात्यात जमा दाखवा. शेतकऱ्याच्या मोबाइलवर पैसे गेल्याचं दिसतंय आणि तुमच्या बाकीत नाही, यापेक्षा लवकर नाव खराब करणारं काही नाही.

वसुलीसाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा, पण जरा समजून. ब्रॉडकास्टच्या (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा जाण्याच्या) एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो पोचतो, तेव्हा आधी नंबर सेव्ह करून घ्या, बिल देताना समोरच. पिकानुसार लेबल लावा. खत आलं, अमुक बियाणं आलं, हे ब्रॉडकास्टवर. उधारीची आठवण मात्र एकेकट्याला, आणि कधीही ग्रुपवर नाही. गावात ग्रुपवर नाव आलेला माणूस पैसे तर देत नाहीच, पुढच्या वर्षी चार घरं घेऊन समोरच्या दुकानात जातो. वेळही बघा. सोयाबीनवाल्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऊसवाल्याला कारखान्याचं बिल खात्यावर पडलं की त्या आठवड्यात. पिकाचा रकाना यादीत म्हणूनच घ्यायला सांगितला. आणि संगणकाने केलेल्या "प्रिय ग्राहक, आपली थकबाकी" या संदेशापेक्षा वडिलांच्या आवाजातला वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज जास्त पैसे आणतो. यात त्यांना कामही मिळतं आणि नवीन पद्धतीत मानही.

वेबसाइट नको. गुगलवर दुकानाची नोंद करा, फुकट आहे, दुकानाचा व्हिडिओ वगैरे मागून ते पडताळणी करतात. वेळ, फोन, नकाशावरची जागा एवढं बरोबर असलं की झालं. एआयकडून ब्रॉडकास्टचा मजकूर लिहून घ्यायला हरकत नाही, पण औषधाची मात्रा त्याला विचारून शेतकऱ्याला सांगू नका. मात्रा बाटलीच्या लेबलवर असते, तीच सांगायची.

सुरुवात १ एप्रिलला करा. मार्चअखेर साठा मोजा, बाक्या चढवा, एप्रिल-मे थंड असतात तेव्हा रोजची बिलं संगणकावर करून हात बसू द्या. जूनमध्ये नवीन काहीही सुरू करायचं नाही, अपडेटसुद्धा नाही. वडिलांची वही पहिलं वर्ष चालू ठेवा, आणि आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी एकेका गावाच्या बाक्या वहीशी ताडून बघा. पुढच्या ३१ मार्चला ज्या गावांच्या बाक्या दोन्हीकडे जुळतील, त्यांची वही बंद. न जुळणारी गावं आणखी एक हंगाम वहीतच. बंद झालेल्या वह्या रद्दीत घालू नका: जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि सहीची बाकी असलेली पानं त्याहूनही पुढे ठेवा.